वाचकांचे प्रश्न : शेजाऱ्याची मदत मागावी कशी, करावी किती

गेल्या काही आठवड्यांत शेजाराविषयीची इतकी पत्रे आली आहेत की या वेळचा सारा स्तंभ त्यांनाच द्यायचे ठरवले. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे नुसता धीर देऊन भागणार नव्हते.

प्रश्न : आमची लालबागची चाळ पुनर्विकासात गेली आणि आम्ही त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये राहायला आलो. चाळीत शेजारच्या खोलीत राहणाऱ्या आजी आता आमच्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मुलगा आणि सून परदेशी. सुरुवातीला मी जाता-येता त्यांची विचारपूस करीत असे. हळूहळू औषधे, दवाखाना, बँकेची कामे आणि रात्री-अपरात्री बेल वाजली की धावणे, हे सगळे माझ्याकडे आले. मुलगा रोज मलाच फोन करतो. आजींनी माझी मुले सांभाळली आहेत, त्यामुळे नाही म्हणवत नाही; पण माझी नोकरी आहे, घरात सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, आणि हल्ली बेल वाजली की पोटात गोळा येतो. मी कृतघ्न झाले आहे का?
— एक वाचक भगिनी, मुंबई

उत्तर : नाही, ताई. जी व्यक्ती दोन घरांतली दोन म्हातारी माणसे सांभाळून नोकरीही करते आहे, तिला थकवा येणे याला कृतघ्नपणा म्हणत नाहीत. आजींनी आपली मुले सांभाळली तेव्हाची परिस्थिती आठवून पाहा. ते काम त्या एकट्या करीत नव्हत्या. त्यांच्याबरोबर सारा मजला करीत होता.

मुंबईच्या बीडीडी चाळींचे उदाहरण घेऊ, कारण त्यांची रचना सर्वांना ठाऊक आहे. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. एकेका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, मजल्यावर सामाईक शौचालये आणि खोल्यांच्या मधून जाणारी सामाईक वाट. अशा जागेत दार दिवसभर उघडेच राहते. आज अमुक आजी पाण्याला उठल्या नाहीत, तमुक आजोबांच्या खोलीत स्टोव्ह पेटला नाही, हे कोणी पाळत न ठेवताही दहा जणांच्या लक्षात येते आणि त्यांतला जो मोकळा असेल तो आत डोकावतो. टॉवरमध्ये घर मोठे होते, शौचालय घरात येते, आणि ते यायलाच हवे होते. तीन पिढ्यांनी त्यासाठी वाट पाहिली आहे. मात्र दार बंद झाल्याबरोबर ते दहा जणांचे लक्ष संपले आणि त्याचा सगळा भार ज्या एका व्यक्तीला जुनी सवय सुटली नाही तिच्यावर, म्हणजे आपल्यावर, येऊन पडला. पूर्वी जे आपोआप दिसत होते ते आता एकमेकांना सांगून, ठरवून आणि वाटून घ्यावे लागणार आहे. हे कोणाला कोरडे वाटेल, पण माझ्या मते आजच्या इमारतींमध्ये शेजार टिकवण्याचा दुसरा मार्ग नाही.

पहिले बोलणे आजींशी करा, मुलाशी नव्हे. त्यांच्या अपरोक्ष त्यांची व्यवस्था लावली तर त्यांना आपण सामान झाल्यासारखे वाटेल. एखाद्या दुपारी निवांत बसून सांगा, "आजी, मी आहेच, पण मी घरी नसताना कोण येईल, हे आपण दोघी मिळून ठरवू." मजल्यावरची आणि वरखालची मिळून चार घरे निवडा आणि ती आजींनाच निवडू द्या. कामे नेमकी सांगा. "आजींकडे जरा लक्ष असू द्या" असे म्हटले की सगळे मान डोलावतात आणि कोणीच येत नाही. "सकाळी आठनंतरही दुधाची पिशवी दाराला लटकलेली दिसली तर बेल वाजवायची आणि दार उघडले नाही तर मला फोन करायचा" असे सांगितले, तर रोज त्या वेळी कामावर निघणारा समोरचा मुलगा ते नक्की करील. एका घराने मंगळवारी आणि शुक्रवारी भाजी आणावी, एकाने महिन्याची औषधे मागवावीत. औषधांची दुकाने आता घरपोच देतातच. रात्रीचा फोन आठवडा-आठवड्याने फिरता ठेवा.

आता दाराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शेजाऱ्यांकडे किल्ली असूनही दार फोडावे लागल्याच्या घटना आपण सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. एकटी राहणारी म्हातारी माणसे भीतीपोटी रात्री लॅचसोबत आतली कडीही घालतात, साखळी लावतात, वर बाहेरच्या जाळीच्या दारालाही आतून कुलूप घालतात. अशा वेळी आपल्या हातातल्या किल्लीचा काही उपयोग नसतो. दोन्ही दारांना बाहेरून किल्लीने उघडणारी कुलुपे ठेवा, त्यांच्या किल्ल्यांचा एकेक जोड दोन घरांत ठेवा आणि आतली कडी सुताराला बोलावून काढूनच टाका. नुसते "लावू नका" सांगून चालत नाही, कारण हाताची सवय जात नाही. आजींना सुरक्षित वाटावे म्हणून दाराला भिंग बसवून घ्या आणि इंटरकॉमची तार त्यांच्या पलंगापर्यंत ओढून घ्या. न्हाणीघराचे दार आत उघडत असेल तर तेही बाहेर उघडणारे करून घ्या. माणूस आत पडला की त्याच्याच अंगाने दार अडते आणि आत शिरायला जागा राहत नाही. तिथली कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी मिळते. हा सगळा खर्च मुलाने करावा आणि तो आनंदाने करील, असे पत्रावरून वाटते.

आजी पडल्या तर लगेच हाताला धरून उठवू नका. पाय हलवता येत नसेल, तो आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता असते. आहे तिथेच अंगावर पांघरूण घालून १०८ ला फोन करावा. राज्यात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. शस्त्रक्रिया करावी लागू शकते, म्हणून चहा-पाणी देण्याचा मोह टाळावा. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर पक्षाघात समजून क्षणही दवडू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, त्यामुळे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "या शेवटच्या ठीक कधी होत्या?" परदेशातल्या मुलाला याचे उत्तर देता येत नाही, सकाळी त्यांच्याशी दोन शब्द बोललेला शेजारी ते देऊ शकतो. आजींचे आजार, चालू औषधे, डॉक्टरांचा आणि मुलाचा क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन सल्ला आणि माहितीसाठी आहे. तातडीच्या वेळी मात्र १०८ किंवा ११२.

पैशांच्या बाबतीत एक पथ्य कडकपणे पाळावे. आजींचे एटीएम कार्ड आणि त्याचा पिन आपल्याकडे घेऊ नका, त्यांनी कितीही प्रेमाने दिला तरी. औषधांचे पैसे स्वतःच्या पदरचेही घालू नका. एक छोटी वही त्यांच्याच घरी ठेवा, त्यात खर्च लिहा, बिल आत ठेवा. उद्या कोणी नातेवाईक येऊन काही बोलला, तर ती वही आपल्या बाजूने बोलेल.

मुलाशी बोलताना अपराधी सूर नको. आई-वडिलांचा आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण यांविषयीचा २००७ चा कायदा सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर, नातवंडांवर आणि मूलबाळ नसल्यास मालमत्ता ज्यांना मिळणार अशा नातेवाइकांवर टाकतो. शेजाऱ्यावर ती नाही. आपण जे करता ते मायेने करता, हे त्याला समजले पाहिजे. त्याला सांगा की दिवसातले काही तास पगारी बाई ठेवायला हवी आणि ती शोधायला आपण मदत कराल. रोजचा फोन त्याने आईला करावा आणि आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी, आपल्याला. आपल्या सासूबाईंविषयीही त्याला सांगा. बहुधा त्याला त्या अंथरुणाला आहेत हे ठाऊकच नसेल.

प्रश्न : आम्ही दोघेही वाकडला आयटीत नोकरी करतो. शेजारच्या काकू आठवड्यातून दोन-तीनदा भाजी, आमटी, सणाला पुरणपोळी पाठवतात. परतीच्या डब्यात काय द्यावे हा प्रश्न पडतो. आम्हाला फारसा स्वयंपाक येत नाही, आणि विकतचे काही दिले तर त्या रागावतात. डबे घरात साठत चालले आहेत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : डबे आधी परत करा, काकूंना पदार्थापेक्षा डब्यांची जास्त काळजी लागलेली असेल! शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये ही रीत चांगलीच आहे, परंतु त्यात शिजवलेलेच काही असावे असा दंडक कधीच नव्हता. चार लिंबे, गावाहून आलेले तांदूळ, ओंजळभर शेंगा, तेही नसेल तर दोन चमचे साखर घालून डबा देणारी घरे आहेत.

तुमच्याकडे मात्र देण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. काका निवृत्तिवेतनधारक असतील, तर दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि अनेक वृद्ध त्यासाठी बँकेच्या रांगेत उभे राहतात. आता मोबाइलवर चेहऱ्याच्या पडताळणीने तो घरबसल्या देता येतो. तुमच्या हातचे ते काही मिनिटांचे काम आहे, त्यांची मात्र सकाळ वाचते. वीजबिल, रेल्वेचे तिकीट, आधारमधला पत्ता बदलणे ही कामेही तशीच. ती करताना त्यांचा पासवर्ड आपल्या फोनमध्ये साठवू नका, आणि फोन त्यांच्याच हातात ठेवून एकेक पायरी दाखवा. पुढच्या वेळी त्यांना स्वतःला जमले तर त्यांना तुमच्याइतकाच आनंद होईल.

प्रश्न : आमच्या न्हाणीघराच्या छतातून वर्षभर पाणी ठिबकते आहे. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी आमचे फार घरोब्याचे संबंध होते; माझ्या पत्नीच्या आजारपणात त्या वहिनींनी महिनाभर आमचे दोन्ही वेळचे जेवण केले. पण गळतीचा विषय काढला की "आमच्याकडे सगळे कोरडे आहे" असे उत्तर येते. आता जिन्यात भेट झाली तरी बोलणे होत नाही. सोसायटीकडे लेखी तक्रार करावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लेखी तक्रारीचा अधिकार आपल्याला आहे, पण ती आजच करू नका. ते खोटे बोलत नसावेत. गळतीचे पाणी फरशीच्या खाली असते, त्यामुळे वरच्या घरात सगळे खरोखरच कोरडे दिसते. त्यांनी आपले छत कधी पाहिले आहे का? पत्रात तसे कुठे म्हटलेले नाही. दोघांनाही चहाला बोलवा, न्हाणीघरात न्या आणि सुटलेला गिलावा, गंजून उघड्या पडलेल्या सळ्या, खाली ठेवलेली बादली त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्या. छत कुजले तर ती त्यांचीच जमीन आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर पाणी कुठून येते हे दोघांनी मिळून शोधावे. वरचे कुटुंब गावाला गेले असतानाही ठिबकणे चालूच राहत असेल, तर भिंतीत बुजवलेल्या, दाबाचे पाणी असलेल्या पाइपात दोष असण्याची शक्यता अधिक. अंघोळी झाल्यावर तास-दोन तासांनी ठिबकत असेल, तर फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथून निघून जाते त्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेची फट पाहावी. त्यासाठी ट्रॅपचे तोंड फडके कोंबून बंद करावे, फरशीवर बोटभर पाणी साठवून त्यात कपड्यांची नीळ कालवावी आणि ते रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी आपल्या छतावर निळसर डाग उमटला, तर वाद तिथेच संपतो. डाग न उमटल्यास वरच्या घराला दोष देण्याआधी बाहेरची भिंत आणि सामाईक सांडपाण्याचा उभा पाइप तपासून घ्यावा. दुरुस्ती करताना लगेच फरशी फोडायला घेऊ नये. सांधे खरवडून पुन्हा नीट भरणे आणि ट्रॅपची कड बुजवणे हा कमी खर्चाचा उपाय आधी करून पाहावा. फोडावेच लागले, तर जलरोधक थर दिल्यावर किमान एक पूर्ण दिवस पाणी साठवून चाचणी घ्यावी आणि मगच नवी फरशी बसवावी. आपल्या छताला नवा रंग मात्र ओल पूर्ण वाळेपर्यंत देऊ नका, पोपडे पुन्हा निघतील.

खर्चाविषयी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये स्पष्टता आहे : गच्चीतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि बाहेरच्या भिंतींची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची, तर शौचालय, सिंक यांसारख्या घरातल्या गोष्टींमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च सभासदांनी सोसायचा. तरीही मी आपल्या जागी असतो तर आपल्या छताच्या गिलाव्याचा खर्च त्यांच्याकडे मागितला नसता. महिनाभर दोन्ही वेळचा डबा देणाऱ्या वहिनींकडून तो घेणे मला जमले नसते.

आणखी एक अडचण आहे, जी वरचे लोक बोलून दाखवत नाहीत आणि जिच्यापायी अशा दुरुस्त्या वर्षानुवर्षे लांबतात. काम आठ-दहा दिवस चालले, तर त्या घराने अंघोळ कुठे करायची? घरात म्हातारे माणूस किंवा शाळेत जाणारी मुले असली की हा प्रश्न मोठा होतो. तेव्हा आपणच म्हणा, "तेवढे दिवस आमचे न्हाणीघर तुमचे, सकाळी सहा ते साडेसात आम्ही तिकडे फिरकणार नाही." वेळ नेमका सांगा, म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही. एवढ्यावरही नकार आला, तर मग संस्थेच्या सचिवांना पत्र द्या. त्यात फोटो जोडा, आरोप जोडू नका.

प्रश्न : आमच्या शेजारच्या फ्लॅटमधून रात्री मारहाणीचे आणि रडण्याचे आवाज येतात. त्या मुलीचे लग्न होऊन दोन वर्षे झाली असतील. दुसऱ्या दिवशी ती ओढणी गळ्याशी आवळून घेऊन भाजी घ्यायला येते आणि नजर चुकवते. माझे पती म्हणतात की दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात पडू नये. मला झोप लागत नाही.
— एक वाचक भगिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपली झोप उडाली आहे ती योग्य कारणासाठी. नवरा-बायकोची कुरबूर आणि मारहाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट कोणाचीही खाजगी बाब नाही. आपल्या पतींना कायद्याची भीती वाटत असेल तर त्यांना सांगा की कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार, असा हिंसाचार होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे मानण्यास ज्याला कारण आहे, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने दिलेल्या माहितीसाठी तिच्यावर कोणताही दिवाणी किंवा फौजदारी दावा होऊ शकत नाही.

मारहाण चालू असेल त्या क्षणी ११२ ला फोन करावा. इतर वेळी १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि घरात मूल असेल तर १०९८. आवाज वाढल्याचे कानावर पडल्यावर पतीला सोबत घेऊन दाराची बेल वाजवणे आणि विरजणाला चमचाभर दही मागणे हा उपायही पुष्कळदा लागू पडतो. कोणीतरी ऐकते आहे हे कळले की उगारलेला हात थांबतो. मात्र त्या माणसाला जाब विचारू नका. आपण दार लावून घेतल्यावर त्याचा सूड ती भोगेल.

मुलीशी एकटीच असताना बोला; भाजीवाल्यापाशी, गच्चीवर कपडे वाळत घालताना, जिथे कोणाला संशय येणार नाही तिथे. सुरुवातीला एवढेच पुरे : "मला रात्री आवाज येतात. तुला कधीही यावेसे वाटले तर आमचे दार रात्री दोन वाजताही वाजव." ती नाकारील. पहिल्यांदा बहुतेक जणी नाकारतात. त्याने दुखावून जाऊ नका आणि "मग तू सहन का करतेस" असे विचारू नका. "जरा जमवून घे" हे तर चुकूनही म्हणू नका. तिला ते माहेरच्यांनी सांगून झालेले असण्याची शक्यता मोठी आहे. तिने विश्वास टाकला तर आधार कार्ड, बँकेचे पासबुक, शिक्षणाची प्रमाणपत्रे यांच्या प्रती आणि दोन जोड कपडे आपल्याकडे ठेवून घ्या. जखमा असतील तर सरकारी दवाखान्यात नेऊन त्यांची नोंद करून घ्यावी, कारण पुढे न्यायालयात तोच पुरावा उभा राहतो. घर सोडायचे की नाही आणि कधी, हे तिचे तिने ठरवायचे आहे. तोवर आपले दार तिला माहीत असले पाहिजे. मजल्यावरच्या आणखी एका विश्वासू घराला हे सांगून ठेवा, म्हणजे आपण गावाला गेलात तरी ती एकटी पडणार नाही.

प्रश्न : मी मूळची सोलापूरकडची, लग्नानंतर ठाण्यात आले. पूर्वी आमच्या इमारतीत चैत्र-वैशाखात दहा-बारा जणी मिळून कुरडया, पापड, सांडगे करीत असू. नव्या समितीने गच्चीला कुलूप लावले आहे, नव्या मुलींना नोकरीतून वेळ नाही, आणि गेल्या खेपेला वाटणीवरून कुरबूर झाली होती. सगळे विकतच मिळत असताना हा आटापिटा करावा का, असे घरचे विचारतात. मला मात्र उन्हाळा आला की चुकल्याचुकल्यासारखे होते.
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : जरूर करा. वाळवणाच्या निमित्ताने शेजारणी एकत्र येत, यामागे हौसेइतकीच निकडही होती. कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर निवळत ठेवायचा आणि सकाळी वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे. इथवर एकटीला जमते. पुढे चिकाइतकेच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचे, एकीने चीक ओतायचा, दुसरीने गाठी न होऊ देता तो घोटायचा, आणि चांगली वाफ येऊन तो चकचकीत दिसू लागला की कढत असतानाच सोऱ्यात भरून घालायचा, कारण निवलेला चीक घट्ट होतो आणि सोऱ्या दाबताना मनगट दुखून येते. पाच-सहा हात एकाच वेळी लागतात ते इथे. एकीने भरायचे, दोघींनी घालायचे, एकीने पातेले झाकून उबदार ठेवायचे, आणि मुलांनी तो गरम चीक वाटीत तेल घालून खायचा. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी उसने घेतलेल्या ८० रुपयांवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. तिथेही मूळ भांडवल एकत्र आलेले शेजारणींचे हातच होते.

नोकरी करणाऱ्या मुलींना वेळ नाही असे आधीच गृहीत धरू नका. त्यांना रविवार असतो. बुधवारी संध्याकाळी गहू भिजत घातले, तर शनिवारी संध्याकाळी ते वाटायला तयार होतात, रात्रभर चीक निवळतो आणि रविवारी सकाळी सातला चूल पेटवता येते. भिजवणे आणि पाणी बदलणे हे दिवसा घरी असणाऱ्यांनी करावे, वाटणे शनिवारी सगळ्यांनी वाटून घ्यावे आणि रविवारचे घालणे तरुणींनी करावे. त्यांना सोऱ्या हाती धरून शिकवा. गोल नीट येत नाहीत म्हणून त्यांच्या हातून तो काढून घेऊ नका. वेडीवाकडी कुरडईही तळल्यावर तितकीच फुलते.

वाटणीची कुरबूर टाळायची तर सुरुवातीलाच बोलून घ्यावे. जिने जितके गहू दिले तितक्या प्रमाणात तिचा वाटा, आणि जिने गहू दिले नाहीत पण दिवसभर राबली तिचाही ठरलेला वाटा, असे वजन करून वाळल्यानंतर वाटावे. ओल्या कुरडया मोजून वाटल्या की वाद होतातच. इमारतीत एकट्या राहणाऱ्या किंवा आजारी असलेल्या कोणाचा वाटा काढायचा असेल, तर तो आधी काढावा, उरल्यातून नव्हे. पिळून राहिलेला चोथा टाकू नका; त्याच्या भुसवड्या होतात आणि त्या करायला वयस्क बायकांचा हात धरणारे कोणी नसते.

गच्चीसाठी समितीशी भांडण काढण्यात अर्थ नाही. कुलूप लावण्यामागे मुले कठड्यावर चढणे, पाण्याच्या टाकीजवळ वावर, राहिलेला कचरा अशी कारणे असतात आणि ती खोटी नाहीत. चार रविवार आणि त्यांना लागून येणारे वाळवणाचे दोन-तीन दिवस यांच्या तारखा लिहून, दोघींनी जबाबदारी घेऊन अर्ज द्या. टाकीची बाजू दोरी बांधून बंद ठेवू, चूल गच्चीवर न पेटवता चीक घरातच शिजवून वर नेऊ, संध्याकाळी गच्ची धुऊन किल्ली परत करू, असे त्यात स्पष्ट लिहा. अर्ज मार्चच्या सुरुवातीलाच द्या, कारण समितीची सभा महिन्यातून एकदा होते आणि मे महिन्याच्या मध्यानंतर ठाण्यात हवेत दमटपणा वाढतो; मग कुरडया बाहेरून वाळल्यासारख्या दिसतात, पण डब्यात भरल्यावर त्यांना वास येतो.